समोरच्या माणसाकडे चार इस्पिक

तुम्ही कधी अशी दोन माणसं पाहिली आहेत का, जी एकमेकांशी अक्षरही बोलत नाहीत, पण दर रविवारी समोरासमोर बसून आपल्या हातात काय आहे ते एकमेकांना दुपारभर सांगत असतात?

मी पाहिली आहेत. माझे सख्खे भाऊ आहेत ते!

आमच्या पत्त्यांच्या टेबलाचे किस्से कोणी मुद्दाम जमवले नाहीत. सोफ्याच्या गादीखाली पेनांची टोपणं आणि सेफ्टी पिना साठतात ना, तसे ते साठले. कोणी पाहुणा आला की आमचे हे म्हणतात, "सुमन, तो पंक्चरचा सांग." मी पंक्चरचा सांगायला घेते, तर त्याला चिकटून दुसराच बाहेर येतो.

आधी माणसं सांगते. चारच आहेत. आमचे हे वीज खात्यात होते. बरीच वर्षं अमरावतीला काढली, तिथल्या क्लबात ब्रिज शिकले. मग अकोल्याला बदली झाली आणि आम्ही जठारपेठेत घर केलं. माझं माहेर हिवरखेडचं. थोरला दादा, मधली मी, धाकटा बाळू. ब्रिजला चार माणसं लागतात आणि अकोल्यात यांना चार जमेनात, म्हणून यांनी सासुरवाडीच कामाला लावली. हे आणि मी एका बाजूला, दादा आणि बाळू दुसऱ्या बाजूला.

आता अबोल्याचं. वडिलांच्या मागे शेत वाटलं, मधे धुरा, म्हणजे बांध, पडला. विहीर दादाच्या बाजूला आली. पाणी मात्र दोघांनी पाळीनं घ्यायचं, असं तोंडी ठरलं होतं. एका उन्हाळ्यात मोटर जळली. कोणाच्या पाळीत जळली यावरून शब्दानं शब्द वाढला. "ठेव तुयी विहीर तुयाजवळ!" असं म्हणून बाळूनं आपल्या शेतात बोअर मारला. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत.

यंदा तो बोअर आटला. बाळूची संत्र्याची बाग धुऱ्याला लागूनच आहे. आंबिया बहार धरलेला, फळं सुपारीएवढी झालेली, आणि पानं दुपारी वळायला लागली. धुऱ्याच्या अलीकडे विहिरीत पाणी आणि पलीकडे झाडं वाळताहेत! दादा म्हणतो, "त्यानं तोंडानं मांगाव. आत्ता देतो." बाळू म्हणतो, "त्याले धुऱ्यावरून दिसत नाही का? मी नाही मांगत." मधे मी. हसताना एवढं लक्षात असू द्या, कारण माझ्या डोक्यातून ते मिनिटभरही जात नव्हतं.

* * *

भांडण झालं, त्यानंतरचा पहिला रविवार.

मी यांना म्हटलं, आज कोणी येत नाही, तुम्ही पेपर वाचा. तेवढ्यात फाटकात दादाची मोटरसायकल. मी पाणी दिलं. म्हटलं, "दादा, बाळूनं टाळलं वाटतं." तर लगेच मागून दुसरी मोटरसायकल!

बाळूनं चपला काढल्या. दादाकडे न पाहता मला विचारलं, "थो आला का?"

"आला."

"मंग मी कावून नाही येऊ? त्याच्यापायी खेळ सोडू का?"

आतून दादा मोठ्यानं म्हणाला, "सुमे, त्याले सांग, मी बी त्याच्यापायी नाही सोडत!"

यांनी पत्ते पिसले आणि शांतपणे म्हणाले, "हे पहा, ब्रिजमध्ये पार्टनरशी बोलायला तशीही मनाई असते. तुम्ही आज पहिल्यांदा नियमानं खेळाल."

आणि खरंच, त्या दिवसापासून दोघं जिंकायला लागले! पूर्वी प्रत्येक डाव संपला की त्यांचं सुरू व्हायचं. "राणी कावून झाकून ठेवली?" "एक्का कोनासाठी राखला होता, जवायासाठी?" त्यात पुढचा डाव बिघडायचा. आता बोलणंच नाही, तर भांडणार कसं? फार झालं तर माझ्यामार्फत. "सुमे, त्याले विचार, थो गुलाम लोनच्याले ठेवला होता का?" मी विचारायची नाही. नुसती मान हलवायची. दोघांचं समाधान व्हायचं.

हे म्हणतात, "अख्ख्या अमरावतीत मी असा पार्टनर पाहिला नाही, जो डाव संपल्यावर गप्प बसतो. इथे दोन निघाले!"

* * *

माझं शिक्षण दहावीपर्यंत. ब्रिज मला यांनी शिकवला, भाजी निवडता निवडता. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक, हे मी पोळ्या लाटताना पाठ केलं. पण चेहऱ्याचं काही करता आलं नाही. चांगली पानं आली की मी हसते.

एकदा यांनी 'एक बदाम' बोली लावली. माझ्या हातात पाहते तो बदामची चार पानं, त्यात एक्का-राजा! माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई!"

यांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"सुमन, पार्टनरला आधार दाखवायच्या बोली मी तुला सगळ्या शिकवल्या. 'अगं बाई' त्यात नव्हती."

बाळू म्हणाला, "भाऊजी, असू द्या. पन अर्थ तर बरोबर पोचला!"

दुसऱ्याच आठवड्यात हे अमरावतीहून बोलीच्या कार्डांचे डबे घेऊन आले. बोली तोंडानं म्हणायचीच नाही, डब्यातून कार्ड काढून टेबलावर ठेवायचं. खरं तर ते माझ्यासाठी होतं. दादाला मात्र फार आवडलं. "हे लय चांगलं झालं. आता 'पास' म्हनासाठी बी तोंड उघडाचं काम नाही!"

* * *

आता 'जुपली गाडी' सांगते. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

समजा बाळूनं 'एक इस्पिक' ठेवलं. म्हणजे त्याच्याकडे इस्पिकची पाच पानं आहेत आणि इस्पिक हुकूम करायची इच्छा आहे. समोर दादाकडे इस्पिकची चार पानं निघाली, वर एक्के-राजेही भरपूर. तर त्यानं उतावीळ होऊन चार इस्पिक म्हणायचं नाही. त्यानं 'दोन बिनहुकूम' हे कार्ड ठेवायचं. नावात बिनहुकूम असलं तरी त्याचा अर्थ तसा नाही. अर्थ असा, की तुझ्या हुकमाला माझा पक्का आधार आहे, काळजी करू नको. आता मला सांग, तुला कमी कोणत्या रंगात आहे?

मग बाळूनं ज्या रंगाचं एकच पान असेल किंवा एकही नसेल, तो रंग तीनवर ठेवायचा. म्हणजे किल्वर कमी असेल तर 'तीन किल्वर'. कारण ज्या रंगात पान नाही, तिथे हुकमानं कापता येतं. दादाला ते कळलं की तो हिशेब करतो आणि थेट सहापर्यंत, म्हणजे तेरापैकी बारा हात जिंकायच्या मोठ्या बोलीपर्यंत जातो.

या बोलीला एक इंग्रजी नाव आहे. यांनी ते सांगितलं. दादानं दोनदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं.

"जवाईबुवा, म्हनजे एका बैलानं मान पुढे केली, दुसऱ्यानं बी केली. जुपली गाडी!"

तेव्हापासून आमच्याकडे तेच नाव आहे. यांच्या अमरावतीच्या मित्रांतही ते गेलं. तिथले साहेब लोक आता एकमेकांना विचारतात म्हणे, "तुम्ही जुपली गाडी खेळता का?"

* * *

आधार दाखवायची आणखी एक बोली आहे. तिच्यात उडी मारायची. बाळूनं 'एक इस्पिक' ठेवल्यावर दादानं एकदम 'चार किल्वर' ठेवलं, तर त्याचा अर्थ, तुझ्या इस्पिकला माझा आधार आहे आणि किल्वरचं माझ्याकडे एकच पान आहे. हे ऐकणाऱ्याच्या लक्षात असावं लागतं. ते असलं तर फार सुंदर बोली आहे!

नवीन शिकल्यावर पहिल्याच रविवारी दादाला तसा हात आला. त्यानं मोठ्या ऐटीत 'चार किल्वर' ठेवलं आणि पंख्याकडे पाहत बसला.

बाळू साफ विसरला! त्याला वाटलं, दादाकडे किल्वर खचाखच भरले आहेत. त्यानं 'पास' ठेवला.

झालं. आता किल्वर हुकूम आणि खेळणार दादा. दादाकडे किल्वरचं पान एक. बाळूकडे तीन. उरलेली नऊ आमच्याकडे!

दादाचा चेहरा लाल झाला. पण बोलणार कसा? अबोला! त्यानं तो डाव पूर्ण खेळला, एकेक हात हरत, अगदी शेवटच्या पानापर्यंत. मग उठला, अंगणात गेला. मी खिडकीतून पाहिलं. माझ्या स्कूटीसमोर कमरेवर हात ठेवून उभा होता आणि तिला सांगत होता, "अबे, इतल्या वर्षांत तुले एवढंबी समजत नाही? माह्याजवळ किल्वर असते तर मी चुप बसलो असतो का? डोकं हाय का भोपळा?"

स्कूटीनं सगळं ऐकून घेतलं.

आत बाळू पत्ते गोळा करत होता. हळूच मला म्हणाला, "सुमे, मायं चुकलं. पन स्कूटीची काय चुकी?"

* * *

हा पंक्चरचा.

हिवरखेडहून अकोल्याचा रस्ता एकच. दोघं निघतातही एकाच वेळी, कारण खेळाची वेळ एकच. दादा पुढे, बाळू मागे, मधे भरपूर अंतर.

एकदा रस्त्यात बाळूची गाडी पंक्चर झाली. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं. बाळू गाडी ढकलत निघाला. समोर पाहतो तर दादाची गाडीही थांबलेली. दादा खाली उकिडवा बसून गाडीची चेन पाहत होता.

बाळू ढकलत थोडा जवळ आला की दादा उठायचा, गाडी सुरू करायचा, थोडी पुढे न्यायचा आणि परत चेन पाहायला बसायचा. असं करत पंक्चरचं दुकान आलं. दुकानात बाळूचं चाक खोललं. दादा बाभळीखाली चेन पाहत. ट्यूब पाण्यात बुडवली, चिकटवली, चाक बसलं, हवा भरली. बाळूनं किक मारली आणि इकडे दादाची चेनही दुरुस्त झाली!

आमच्याकडे दोघं उशिरा पोचले. दादा म्हणाला, "चेन उतरत होती, सुमे."

चहाचा कप घ्यायला बाळू स्वयंपाकघरात आला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता. म्हणाला, "अवं, त्याच्या गाडीले पुरं चेनकव्हर हाय! चेन दिसतच नाही बाहेरून!"

* * *

गेल्या हिवाळ्यात अमरावतीला जोड्यांची स्पर्धा होती. आम्ही चौघं गेलो. स्टँडवरून एकच ऑटो केला. दादा ड्रायव्हरशेजारी, बाळू मागे.

स्पर्धेत एक नियम असतो. पार्टनरनं वेगळ्या अर्थाची बोली लावली आणि समोरच्यांनी अर्थ विचारला, तर बोली लावणाऱ्यानं सांगायचा नाही. त्याच्या पार्टनरनं सांगायचा.

आमचा डाव लवकर संपला होता, म्हणून मी बाळूच्या मागे खुर्ची घेऊन बसले. बाळूनं 'एक इस्पिक' ठेवलं. दादानं 'दोन बिनहुकूम'. जुपली गाडी! उजव्या हाताला पांढऱ्या केसांच्या एक मॅडम होत्या. त्यांनी बाळूला विचारलं, "याचा अर्थ सांगता का?"

बाळूनं घसा साफ केला. ठेवणीतली मराठी काढली. दादाचं नाव तर घ्यायचं नव्हतं.

"मॅडम, याचा अर्थ असा, की समोरच्या माणसाकडे चार इस्पिक आहेत. त्या माणसाचा माझ्या हुकमाला पूर्ण आधार आहे. आणि तो माणूस मला विचारतो आहे, की तुला कमी काय आहे."

मॅडमनी एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा दादाकडे.

"तुम्ही दोघं आजच भेटलात वाटतं?"

बाळूची ठेवणीतली मराठी संपली. "नाही वो मॅडम, एका मायचे लेकरं हाओत आमी!"

मॅडमना ते खरं वाटेना. त्यांनी दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "बरोबर सांगतलं त्यानं."

तो मॅडमशी बोलला होता, कबूल आहे. पण बाळूचं काही बरोबर आहे, हे मी दादाच्या तोंडून इतक्या काळात पहिल्यांदा ऐकलं!

पुढे मात्र बाळूनं नेहमीचं केलं. त्याच्याकडे चौकटचं एकच पान होतं. मला मागून दिसत होतं. 'तीन चौकट' ठेवायचं, एवढंच काम. यानं सरळ 'चार इस्पिक' ठेवलं आणि विषय बंद केला. हे तो नेहमी करायचा. हुकूम मोठ्या तोऱ्यात सांगायचा, कमी कुठे आहे ते मरता मरता सांगायचा नाही. दादाला काही कळलं नाही, तो थांबला. स्पर्धेत तेच पत्ते सगळ्या टेबलांवर फिरतात; त्याच पत्त्यांवर बाकीच्या टेबलांवर लोक सहा इस्पिक बोलून जिंकले. आमची जोडी तिथेच मागे पडली.

परतीच्या ऑटोत दादा पुढून म्हणाला, "सुमे, त्याले विचार, चौकट कमी होती तं सांगतलं कावून नाही?"

बाळू मागून म्हणाला, "सुमे, त्याले सांग, आपल्यापाशी काय नाही थे गावाले कावून सांगाव!"

आमचे हे मधे दाटीवाटीनं बसले होते. कळवळून म्हणाले, "अहो, गावाला नाही हो, पार्टनरला!"

ऑटोवाल्यानं मागे वळून विचारलं, "काका, कोनाचं लग्न मोडलं का?"

* * *

आणि हा परवाचा रविवार.

बाळू आला तो उन्हानं काळवंडलेला. मी पाणी देताना विचारलं, "बाग कशी आहे रे?" म्हणाला, "गळून राहिली. रोज सकाळी झाडाखाली सडा पडते फळांचा." दादा आत बसला होता. कूलर सुरू होता, तरी ऐकू गेलं असेल. त्यानं पत्ते वाटले.

मी त्या दुपारी नीट खेळतच नव्हते. दर डावाला वाटायचं, आता कार्डं बाजूला ठेवावी आणि दोघांना दोन थोबाडीत द्याव्यात. पण यांनी टेबलाखालून माझा हात दाबला.

मधेच एक डाव आला. बाळूनं 'एक इस्पिक' ठेवलं. मी पास. दादानं 'दोन बिनहुकूम' ठेवलं. यांचा पास.

बाळूचा हात सवयीनं 'चार इस्पिक'च्या कार्डावर गेला. कार्ड अर्धं वर आलं. तिथेच थांबलं. बाळू बराच वेळ आपल्या पानांकडे पाहत राहिला. एरवी दादा अशा वेळी बोटं वाजवतो. त्या दिवशी वाजवली नाहीत.

बाळूनं ते कार्ड परत खाली ढकललं. दुसरं काढलं आणि टेबलावर ठेवलं. 'तीन किल्वर.'

आमच्या ह्यांचा चष्मा नाकावर घसरला, तो तसाच राहिला.

दादानं कार्डाकडे पाहिलं. मग मान वर करून बाळूच्या तोंडाकडे पाहिलं. भांडण झाल्यापासून त्यानं तसं पाहिलं नव्हतं. आपली पानं त्यानं परत उघडूनही पाहिली नाहीत. 'सहा इस्पिक' ठेवलं.

डाव बाळूचा होता, म्हणजे दोघांचीही पानं तोच खेळणार, म्हणून दादानं आपली पानं टेबलावर उघडी मांडली. इस्पिकची चार, एक्का-राजासकट. बदाम आणि चौकटचे एक्के. किल्वर सगळे भुक्कड. पानं मांडून झाली की दादा नेहमी अंगणात पाय मोकळे करायला जातो. तो गेला नाही. बाळू एकेक किल्वर हुकमानं कापत गेला आणि दादा पाहत बसला. एकच हात आम्हाला मिळाला, बाकी बारा त्यांचे.

"वा!" हे एवढंच म्हणाले.

मी वाट पाहत होते, की आता 'सुमे, त्याले सांग' येईल. पण दादानं खांद्यावर दुपट्टा टाकला आणि उठला.

"दादा, चहा टाकलाय."

"नोको. घरी काम हाय."

खेळ अर्धा राहिला होता. दादा असा कधी जात नाही. त्याच्या मोटरसायकलचा आवाज कोपऱ्यावर जाईपर्यंत बाळू पत्ते पिसत होता. मग त्यानं दादाच्या वाटणीचा चहाही पिऊन टाकला आणि तोही निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाच्या विहिरीवरची मोटर सुरू होती, आणि पाणी धुरा ओलांडून बाळूच्या संत्र्यांत चाललं होतं.